अर्धं पोटात, अर्धं डब्यात

आगोट, म्हणजे पावसाचं तोंड, जवळ आली की कमलाची पाठ तिची उरत नसे. आंब्याचा सीझन संपतो न संपतो तोच पावसाळ्याची बेगमी. आमसुलं वाळवा, कुळीथ निवडा, फणसाच्या आठळा मातीत घोळवून ठेवा, आंब्याची साटं घाला, लाकडं भरा, पडवीला माडाची झापं बांधा. चार महिन्यांचं घर चार आठवड्यांत भरायचं, कारण पावस गावाच्या वरल्या अंगाला असलेली त्यांची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. आषाढात पऱ्या फुगला की त्यावरचा साकव पाण्याखाली जाई. मग मीठ संपलं तरी शेजारीच मागायचं.

या बेगमीतला एक डबा मात्र कमलाच्या हातचा नव्हता. तो आप्पांचा. आप्पा म्हणजे तिचे सासरे. रत्नागिरीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात, दात गेलेले, जीभ शाबूत. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, चौकोनी. आत दमट हवा लागू नये म्हणून तांदळाची एक पुरचुंडी आणि तिच्या भोवती औषधं. लाल-काळ्या कॅप्सुला, पांढऱ्या लांबट गोळ्या, अर्धी कापलेली पाकिटं. घरात कोणाला काही झालं, डॉक्टरांनी औषध दिलं, की दुखणं उतरेपर्यंत ते घ्यायचं आणि बाकीचं या डब्यात जायचं.

"औषध अर्धं पोटात, अर्धं डब्यात," आप्पा सांगत. "ताप उतरला म्हणजे औषधाचं काम झालं. उरलेलं उगाच पोटात कशाला ढकलायचं? डॉक्टरांचं काय जातंय लिहायला! पऱ्या चढला की येणार आहेत का ते पोहत?"

शेवटच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं, त्यामुळे पहिल्या वाक्याला कोणी हरकत घेत नसे. उलट सगळी वाडी आप्पांच्या डब्यावर विसंबून होती. पोराला खोकला झाला, गुडघा सुजला, पोट बिघडलं, की माणूस पायरीशी येऊन हाक मारी. आप्पा चष्मा लावून डबा उघडत आणि रंग बघून गोळी काढून देत. सरकारी दवाखान्याहून बरं, रांग नाही आणि नुसती शिंक आली तरी कॅप्सूल मिळे.

कमला यावर कधी बोलली नाही. तिला माहीत होतं तो डबा कुठून आला ते. ती सून म्हणून येण्याच्या आधी, एका आषाढात, तिच्या सासूला ताप भरला होता. साकव पाण्याखाली, घरात औषधाची एक गोळी नाही. आप्पा बायकोच्या उशाशी बसून तुळशीचा काढा पाजत राहिले. पाणी उतरलं तेव्हा डॉक्टरांना आणायची गरज उरली नव्हती. हे तिला नवऱ्याने, विनोदने, सांगितलं होतं. आप्पांच्या तोंडून कधी अवाक्षर नाही. फक्त डबा.

आता कमलाचं स्वतःचं दुखणं. तिला उन्हाळी लागे. आंब्याच्या दिवसांत पहाटेपासून खळ्यात गडीमाणसांचा राबता, आढी घाला, पेट्या भरा, चहा द्या. आडोशाला जायचं तर सगळ्यांच्या नजरेसमोरून. मग पाणीच कमी प्यायचं, हा तिचा उपाय, आणि तोच तिच्या मुळावर येई. लघवीला आग व्हायला लागली की ती आधी धण्याचं पाणी पिई, मग सबजा, मग नाइलाजाने पावसच्या डॉक्टरांकडे जाई. तिथेही ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं "जरा कडकी वाटत्ये" एवढंच म्हणे. डॉक्टर समजायचं ते समजत, औषध देत आणि बजावत, "पूर्ण संपवायचं हां."

दोन-तीन दिवसांत आग थांबे. मग ती पाकिटाकडे बघे. आपण तर बऱ्या झालो, उद्या कोणाला लागलं तर? आप्पांनी मागायच्या आधीच ती पाकीट त्यांच्या हातात ठेवी. सून असावी तर अशी, असं आप्पा वाडीत सांगत. कमलाला ते आवडे, खोटं कशाला बोला. दिवसभर राबून कौतुक मिळायचं ते एवढंच.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, उन्हाळीने तिची पाठच धरली. शिमग्याच्या सुमारास एकदा, आंबा ऐन भरात असताना पुन्हा, आणि मिरगाच्या तोंडावर आणखी एकदा. दर वेळी औषध अर्ध्यावर, दर वेळी पाकीट डब्यात. पूर्वी दोन-तीन दिवसांत थांबणारी आग आता रेंगाळायला लागली होती. कमलाला वाटलं, वय झालं. बाईला थकवा आला की तिला एवढंच सुचतं.

आषाढात एका सकाळी ती चुलीपुढून उठली आणि पुन्हा खाली बसली. अंगात अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. उजव्या बरगडीखाली कोणी पहार खुपसावी तशी कळ. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पऱ्याचा आवाज घरात ऐकू येत होता. विनोद लोट्याला, रसायनांच्या कारखान्यात पाळीवर. आठवड्याच्या सुट्टीला तो घरी येई, पण साकव पाण्याखाली असला की तेही नाही. टेलिफोन तर पहिल्या वादळातच मुका झाला होता.

"अगो कमल, काय होतंय गो?" आप्पा दारात उभे.

"कणकण आहे जरा. पडत्ये थोडी."

आप्पांनी कपाळाला हात लावला आणि झटकन काढला. मग ते गेले आणि डबा घेऊन आले. त्या तापातही कमलाने त्यांचा चेहरा बघितला. तो घाबरलेला नव्हता. इतक्या वर्षांनी त्या माणसाला काहीतरी करता येणार होतं.

"म्हणून तर ठेवल्या होत्या!" ते म्हणाले. "ही घे. तुझीच आहे. मागे लागू पडली होती ना?"

या खेपेला ती लागू पडली नाही. संध्याकाळपर्यंत ताप तसाच. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पांढरी गोळी दिली. मग लाल-काळी. मग दोन्ही. पोटात काही ठरेना. डब्यातल्या एकेका रंगाबरोबर आप्पांच्या तोंडावरचा रंगही उतरत गेला. शेवटी ते नुसते डबा मांडीवर घेऊन तिच्या उशाशी बसून राहिले. आपलं काय होणार याची भीती कमलाला वाटायला हवी होती, पण तिला कीव आली ती त्यांची. भीती वाटायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

पाऊस जरा ओसरला तसा शेजारचा बाबल्या आणि आणखी तिघे आले. लाकडी खुर्चीला बांबू बांधले, वरून प्लास्टिक घातलं आणि कंबरभर पाण्यातून, साकवाचा कठडा धरत, तिला पलीकडे नेलं. मागून आप्पा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा. पलीकडून रिक्षा करून सगळे रत्नागिरीला, एका खाजगी दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टर मनस्विनी तिशीतल्या, सकाळपासून पाय टेकलेले नसावेत अशा दिसत होत्या. त्यांनी कमलाला तपासलं, सलाईन लावलं आणि विचारलं, "आधी काय काय औषध झालंय?"

कमलाच्या आधी आप्पाच बोलले. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. डॉक्टरीणबाईंनी एकेक पाकीट उचलून बघितलं. काहींच्या तारखा केव्हाच उलटून गेल्या होत्या.

"हे कोण घेतं?"

"लागेल तो घेतो. वाडी मोठी आहे आमची," आप्पा म्हणाले. त्या आवाजात अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

बाईंनी पाकिटं परत डब्यात ठेवली. लघवी तपासायला पाठवली. त्यात जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध घालून बघतात म्हणे. तेवढे दिवस अंदाजाने एक इंजेक्शन चालू ठेवलं, पण ताप काही पुरता हटेना. निकाल आला तेव्हा बाई खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"आजोबा, तुमच्या डब्यातलं एकही औषध यांच्या जंतूंना मारत नाही. मी देत होते तेही नाही. दोनच औषधं लागू पडतायत. त्यातलं एक मूत्रपिंडाला जड, यांचं मूत्रपिंड आधीच सुजलंय, ते देता येत नाही. राहिलं एक."

"म्हणजे हिच्या अंगाला गोळ्यांची सवय झाली," आप्पा म्हणाले.

"अंगाला नाही, जंतूंना. औषध अर्धं घेतलं की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. बरं वाटतं, पण ते आत असतात. मग तेच वाढतात. पुढच्या खेपेला पुन्हा अर्धं, पुन्हा आणखी चिवट उरतात. आणि एकाकडून दुसऱ्याकडेही जातात."

आप्पांनी मान डोलावली. कमलाने ती मान ओळखली. तलाठी नवी योजना समजावून सांगे तेव्हाही ती अशीच डोलायची. पण त्या वेळी तिला बोलायचं बळ नव्हतं.

"हे एक आम्ही राखून ठेवतो," बाई कमलाकडे बघत म्हणाल्या. "सहसा कोणाला देत नाही. तुम्हाला देते. पण सुरू केलं की शेवटपर्यंत. बरं वाटलं म्हणून मधे उठून गेलात आणि हेही बिघडलं, तर माझ्या हातात काही उरणार नाही. कळतंय ना?"

"राखून ठेवता म्हणजे तुमची आगोटीची बेगमीच की," आप्पांना तेवढंच नेमकं पटलं.

"हो. फक्त आमची न वापरता टिकते," असं म्हणून बाई उठल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते.

सलाईनमधून ते औषध जायला लागलं. पहिला दिवस असाच गेला. मग ताप उतरला, कळ मंदावली, आणि कमलाला कितीतरी महिन्यांनी भूक लागली. विनोद रजा काढून आला, दोन दिवस राहिला, पाळी चुकवता येत नाही म्हणून परत गेला. मग आप्पाच रोज एसटीने येऊन बसत. आता पाऊस उघडला होता, साकव मोकळा होता.

बरं वाटायला लागलं तशी कमलाची घालमेल सुरू झाली. गाय व्यायला आलेली. आमसुलांना बुरशी धरली असेल. झापं सुटली असतील. गणपती महिन्यावर आले. आपण इथे खाटेवर लोळतोय आणि तिथे सगळं वाऱ्यावर. एका सकाळी ती म्हणालीच, "आप्पा, आता मला काही होत नाहीये. राहिलेल्या एक-दोन सुया नाही घेतल्या तर काय बिघडतंय? जाऊ या घरी."

"नाही गो. संपवायचं," आप्पा म्हणाले.

कमला बघतच राहिली. आप्पांच्या तोंडी ते क्रियापद तिने कधी ऐकलं नव्हतं. शेवटची बाटली लावली त्या दिवशी तर त्यांनी नर्सकडून रिकामी कुपी मागून घेतली, उजेडाकडे धरली, उलटी करून बघितली.

"काही उरलं नाही ना?"

"नाही आजोबा."

"बरं झालं."

घरी आल्यावर कमलाने आधी फडताळ बघितलं. डबा जागेवर होता. तिने झाकण उघडलं. आत औषधाचं पाकीट नाही की गोळी नाही. डबा घासून-पुसून लख्ख, आणि त्यात गणपतीसाठी वळलेल्या वाती. तिचे डोळे भरून आले. ऐंशीच्या माणसाने आयुष्याची सवय मोडली, आणि ती सुनेसाठी मोडली. एवढं सुख तिला त्या घरात याआधी झालं नव्हतं.

ते सुख दुपारच्या चहापर्यंत टिकलं. चहाच्या वेळी बाबल्याची बायको येसूबाई तिला बघायला आली.

"बरं वाटलं बाय, वयनी, तुमाला हिंडतीफिरती बघून," येसूबाई पायरीवर टेकत म्हणाली. "आप्पांनी तर यंदा वाडीची काळजीच मिटवल्यानी."

"म्हणजे?"

"डबा रिता केल्यानी न्हवं! भर पावसात घराघरात आपल्या हातानं गोळ्या देऊन आले. म्हनाले, आमच्यात आता चालायच्या न्हाईत, तुमी वापरा. आमच्या पोरीला, राहीला बी तुमच्यासारकीच आग व्हत व्हती. दिली दोनदा. लगेच उतार! बाकीच्या ठेवल्यात कणगीत."

कमलाच्या हातातली कपबशी खाली ठेवली गेली. आप्पा ओटीवर सुतळीचा गुंडा करत बसले होते. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"टाकायच्या कशा गो?" ते म्हणाले. "अन्न नि औषध टाकू नये. तुझ्या अंगाला लागू पडत नाहीत म्हणून वाडीच्या अंगाला पडू नयेत होय? त्यांच्या घरात पावसात काही नसतं. मला माहीत आहे, घरात काही नसतं तेव्हा काय होतं."

पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरीणबाईंनी घसा कोरडा करून सांगितलेलं सगळं वाहून गेलं होतं आणि गोळ्यांची सवय झालेलं कमलाचं अंग तेवढं उरलं होतं. तिला इतका संताप आला की डबा अंगणात भिरकावून द्यावा. लग्न होऊन आल्यापासून तिने सासऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता. तो त्या दिवशी चढला.

"अंगाला नाही हो आप्पा, जंतूंना! आज राहीला उतार पडला. पुढच्या खेपेला नाही पडायचा. मग तिला कोणी खुर्चीत घालून न्यायची? त्या बाईंनी जे राखून ठेवलंय ते अख्ख्या वाडीला पुरणार आहे का? तुम्ही घराघरात औषध नाही दिलंत. माझं दुखणं वाटून आलात!"

बोलून झाल्यावर तिला धाप लागली. येसूबाई पदर तोंडाला लावून बसली. आप्पांच्या हातातला गुंडा थांबला. या वेळी त्यांनी मान डोलावली नाही.

"परत आणायला हव्यात," कमला हळू म्हणाली.

"दिलेलं परत मागायचं?"

"हो."

आता हे आप्पांना काय सांगणं होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. वाटणीत चुलतभावाकडे गेलेली कलमं ज्याने कधी परत मागितली नाहीत, पेरायला दिलेल्या भाताचा ज्याने कोणाकडे विषय काढला नाही, अशा माणसाने दारोदार जाऊन चार-चार गोळ्या परत मागायच्या. ते उठले. वाती काढून ताटलीत ठेवल्या, डबा काखेत मारला, छत्री घेतली.

"तू राहा. तुझ्या अंगात बळ नाही."

"तुम्हाला मागता यायचं नाही. मी मागत्ये. तुम्ही डबा धरा."

पहिलं घर येसूबाईचंच. बाबल्या ओटीवर विडी ओढत होता. येसूबाई आत गेली, कणगीतून पुरचुंडी काढून घेऊन आली, पण हात काही पुढे करेना.

"वयनी, थोड्या ऱ्हाऊ द्या की. अजून सगळा श्रावन जायचाय. अर्धं पोटात, अर्धं डब्यात, आप्पांनीच न्हाय का शिकवल्यानी?"

आप्पा उघडा डबा धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मग कमलाने जे आयुष्यभर केलं नव्हतं ते केलं. सासऱ्यासमोर, बाबल्यासमोर, मोठ्याने सांगितलं. लघवीला आग होत होती. लाजेने पाणी पीत नव्हते, लाजेने डॉक्टरला धड सांगत नव्हते. आग थांबली की औषध थांबवत होते आणि उरलेलं पुण्य म्हणून डब्यात टाकत होते. तो रोग वर चढून मूत्रपिंडात गेला. आता जगात एक औषध मला लागू पडतं, येसूबाई, एकच. ते बिघडलं असतं तर आज तू मला बघायला आली नसतीस, पोचवायला आली असतीस. राहीला उद्या डॉक्टरकडे ने. तिला काय होतंय ते स्वच्छ सांग, आणि देतील ते शेवटच्या गोळीपर्यंत घे.

बाबल्याची विडी विझली होती. आतल्या दाराआड राही उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. येसूबाईने पुरचुंडी डब्यात सोडली.

"या गोळ्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन देईन, त्या काय ती विल्हेवाट लावतील," कमला म्हणाली, आणि दोघं निघाली.

पाणंद चिखलाने भरली होती. कमला दर दहा पावलांवर थांबत होती. आप्पा तिच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः भिजत, शेजारून चालत होते. डब्यात पुरचुंडी खुळखुळत होती.

"हिच्या सासूच्या वेळी," ते समोर बघत, जणू दुसऱ्याच कोणाला सांगावं तसे म्हणाले, "घरात एक गोळी नव्हती. हिच्या वेळी डबा भरलेला होता. मी दोन्ही वेळेला तसाच उशाशी बसून होतो."

कमला चालत राहिली. पुढच्या घरच्या गोदूबाईच्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत, पोचता पोचता तिचा श्वास पुरता संपला होता. पुढे अजून बरीच घरं होती. आप्पांनी तिला दगडी गडग्यावर बसवलं, छत्री तिच्या हातात दिली, आणि डबा घेऊन एकटेच आत शिरले.

"गोदूबाई, आहेस का गो?" त्यांनी अंगणातून हाक मारली. "मी त्या दिवशी चुकीचं देऊन गेलो. परत न्यायला आलोय."